सर, तुमचा कागद परत घ्या



पत्रास कारण की, दहावीचा निकाल लागल्यापासून तुमच्या क्लासची पत्रकं आमच्या भागात कुठे कुठे जाऊन पडली आहेत, हे तुमच्या माणसांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी सांगते. सकाळी ती पेपरातून घरात आली. दुपारी तीच सेफ्टी डोअरच्या जाळीत खोचलेली होती. पार्किंगमधल्या प्रत्येक स्कूटरच्या हँडलला होती, मोटारींच्या वायपरखाली होती, लिफ्टच्या आरशावर चिकटवलेली होती. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीवर होती. बसथांब्यावर जिथे गाड्यांचे नंबर लिहिलेले असतात, नेमकी त्यांच्यावर होती. त्यामुळे स्वारगेटला कोणती बस जाते हे आता तिथे वाचता येत नाही. तुमची फी किती हप्त्यांत भरता येते, एवढं मात्र वाचता येतं. आणि गेटसमोरच्या कडुलिंबाला तुमच्या नावाची पत्र्याची पाटी खिळ्यांनी ठोकलेली आहे.

तुमचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. ते तुम्ही स्वतःच पुरेशा ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

असं पत्र मी पेस्ट कंट्रोलवाल्याला लिहिलं नाही, वॉटर प्युरिफायरवाल्याला लिहिलं नाही, फ्लॅटची स्कीम विकणाऱ्या बिल्डरलाही लिहिलं नाही. त्यांचेही कागद दारात येतात आणि त्यांचाही राग येतोच. पण ते मुलांना शिकवत नाहीत. तुम्ही शिकवता. तुमच्या फोटोखाली 'शिस्त, संस्कार, यश' असे तीन शब्द छापलेले आहेत. तुमच्याकडे येणारी मुलं रोज त्याच बसथांब्यावर उतरतात. तिथे उतरल्यावर त्यांना शिस्तीबद्दल काय कळतं, याचा तुम्ही कधी विचार केलात का? दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या दारावर, सगळ्यांच्या सोयीसाठी लावलेल्या फलकावर आपला कागद डकवायला कुणाला विचारावं लागत नाही, हा धडा तुम्ही त्यांना पहिल्या तासाच्या आधीच देऊन ठेवता. त्याची फी घेत नाही, एवढंच.

जाहिरात करू नका, असं मी म्हणत नाही. तो तुमचा हक्क आहे आणि तो मला मान्य आहे. पिवळ्या पानांच्या डिरेक्टरीवरून टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्यात खटला झाला, तेव्हा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की व्यावसायिक जाहिरात हाही राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तेव्हा तुम्ही छापा, वाटा, मोठ्याने सांगा. पण बोलण्याचा हक्क मिळाला म्हणजे समोरच्याचं दार मिळालं, असं त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

पत्रक ही हलकी वस्तू आहे, असंही मी मानत नाही. पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बाईंना, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना, नुकतंच दुकान टाकलेल्या इलेक्ट्रिशियनला दुसरं साधन काय आहे? त्यांच्याकडे होर्डिंगचे पैसे नाहीत, रेडिओवर जाहिरात द्यायची ऐपत नाही. झेरॉक्सच्या दुकानात एका कागदाचे चार तुकडे करून ते आपला धंदा चार गल्ल्यांत पोचवतात. आमच्या भागात दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक बाई येतात. त्या गेटवर थांबतात, वॉचमनला विचारतात, सेक्रेटरींना फोन लावतात आणि नोटीस बोर्डावर एकच चिठ्ठी लावून जातात. भाऊबीज झाली की येऊन ती काढूनही नेतात. त्यांची शाखा एकच आहे, ती म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. तुमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला शाखांची मोठी यादी आहे. एवढ्या शाखांमध्ये मिळून विचारून घेण्याची रीत एकाही माणसाला माहीत नसावी?

महाराष्ट्रात पत्रकाला मान होता. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या हँडबिलं वाटायच्या, सिनेमाची हँडबिलं टांग्यातून वाजतगाजत यायची आणि पोरं ती मिळवायला मागे धावायची. १९४२ च्या चळवळीत सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं रात्री अंधारात घरोघर पोचवली जात. ती वाटणाऱ्याच्या हातात एक कागद सापडला तरी तुरुंग होता. त्यांनीही दाराखालून कागद सरकवले आणि कुणाला विचारलं नाही, हे खरं. पण त्यांनी विचारलं असतं तर पकडले गेले असते. तुम्हाला विचारल्यावर जास्तीत जास्त काय होणार आहे? कुणीतरी नको म्हणेल. तेवढं ऐकून घ्यायची तुमची तयारी नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

आता तुमचा कागद आमच्यापर्यंत येतो कसा, ते पाहू. तुम्ही प्रेसमध्ये ऑर्डर देता. गुळगुळीत आर्ट पेपर, दोन्ही बाजूंना चार रंग, हजारांच्या हिशेबात छपाई. मग वाटपाचं काम एखाद्या ठेकेदाराला देता. त्यातला एक भाग पहाटे पेपरवाल्यांकडे जातो. फुटपाथवर बसून पुरवण्या भरताना ते हजारी दराने तुमचं पत्रक पेपरात घालतात. या वाटेबद्दल माझी फार तक्रार नाही. पेपर मी पैसे देऊन घरी मागवते, त्यात पत्रक येणार हे मला माहीत असतं, आणि पेपरवाल्याला त्यातून चार पैसे सुटतात. घरात आलेला कागद निदान घरातल्या रद्दीत तरी जातो.

तक्रार उरलेल्या गठ्ठ्याची आहे. तो पोरांच्या हातात देतात. ही पोरं बहुतेक सतरा-अठरा वर्षांची, सुट्टीत हातखर्चाला पैसे हवेत म्हणून आलेली. त्यांना सांगितलेलं असतं की गठ्ठा संपला की पैसे. कागद कुणाच्या हातात गेला, कुणी वाचला, कुणाला हवा होता, हे कुणी बघत नाही. मोजला जातो तो फक्त रिकामा हात. मग उन्हात चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढणाऱ्या पोराने काय करावं? एका दारात चार खोचतो, स्कूटरवर तीन लावतो आणि शेवटी उरलेला गठ्ठा पावसाळी गटाराच्या जाळीतून आत सोडतो. त्याच्यावर मी रागावत नाही. तुम्ही ठरवलेल्या हिशेबाप्रमाणे त्याने काम चोख केलं आहे. आमच्यासारख्या कित्येक सोसायट्या त्याला लिफ्टही वापरू देत नाहीत, आणि ते आमचं चुकतंच. पण वॉचमनने त्याला हटकलं, सभासदांनी त्याच्यावर आवाज चढवला, तरी या सगळ्यात तुम्ही कुठेच नसता. तुमचा फोटो असतो, हसरा. शिव्या खायला तुम्ही त्या पोराला पाठवलेलं असतं.

दारात खोचलेल्या कागदाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या ऑफिसात बसून ती गोष्ट किरकोळ वाटत असणार. आमच्या इमारतीत बरीच वयस्क मंडळी आहेत. कुणाची मुलं बंगळूरला, कुणाची परदेशात. उन्हाळ्यात ही मंडळी महिना-दोन महिने मुलांकडे जातात. जाताना पेपर बंद करतात, दूध बंद करतात, शेजारी किल्ली देतात. घर बंद असल्याचं बाहेरून दिसू नये म्हणून ही सगळी खटपट. आणि मग त्या दाराच्या जाळीत तुमचं पत्रक येऊन बसतं. दुसऱ्या दिवशी तिथेच, तिसऱ्या दिवशी तिथेच, वर आणखी दोन. जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळतं की या घरात माणूस नाही. चोराला टेहळणी करायची गरजच उरत नाही. शेजाऱ्यांनी रोज फिरून दारादारांतले कागद काढायचे, हे काम तुम्ही आमच्यावर टाकलं आहे. कुणी बोलावलं होतं तुम्हाला?

आणि जाळीतून निसटलेला कागद जिन्यावर पडतो. आर्ट पेपर फरशीवर किती घसरतो, ते गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला विचारा. आमच्याकडे अजून कुणी पडलेलं नाही, ते जिना झाडणाऱ्या मावशींमुळे. त्यांचा पगार तुमच्या जाहिरातीच्या खर्चात कुठेही धरलेला नाही.

आता बाहेरच्या भिंतींकडे या. मघाशी ज्या १९९५ सालाचा उल्लेख केला, त्याच वर्षाचा महाराष्ट्राचा एक कायदा आहे, महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा. सार्वजनिक जागेवरून दिसणारी कोणतीही जागा परवानगीशिवाय विद्रूप केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात भिंत येते, कुंपण येतं, खांब येतो, झाडही येतं. आणि तुम्ही नीट वाचावा असा भाग पुढे आहे. ज्याच्या फायद्यासाठी हे केलं गेलं, तोही दोषी धरला जाऊ शकतो. आपल्या नकळत किंवा संमतीवाचून हे घडलं, असं दाखवायचं ओझं त्याच्यावर असतं. म्हणजे 'पोरांनी लावलं, मला माहीत नव्हतं' हे तुमच्या रिसेप्शनवरचं नेहमीचं उत्तर तुमच्या ऑफिसात चालत असेल. दुसरीकडे ते तुम्हालाच सिद्ध करून द्यावं लागेल. हरकत नाही, असं तुम्ही म्हणाल, आजवर कुणी विचारलं आहे? खरं आहे. फारसं कुणी विचारत नाही. पण पकडलं जात नाही म्हणून चालतं, हा हिशेब परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाचा असतो. त्याला तुम्ही काय सांगता?

त्या कडुलिंबाचं मला फार लागलं आहे. रस्ता रुंद करताना या बाजूची बाकीची झाडं गेली, हे एक राहिलं. त्याच्या सावलीत चप्पल शिवणारे काका बसतात, रिक्षा थांबतात, शाळेच्या बसची वाट पाहत मुलं उभी असतात. झाडाला अन्न पोचतं ते सालीच्या आतल्या कोवळ्या थरातून. खिळा तिथेच घुसतो. तो गंजतो, जखम उघडी राहते, तिथून कीड आणि बुरशी आत शिरते. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. पुण्यात 'आंघोळीची गोळी' या गटाच्या तरुण मुलामुलींनी २०१८ साली 'खिळेमुक्त झाडं' अशी मोहीम काढली. ती मुलं हातात पकड आणि हातोडी घेऊन झाडाझाडांवरचे खिळे, तारा, पाट्या काढत होती. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने. त्या मुलांच्या वयाची मुलं तुमच्या क्लासमध्ये बसतात. एका बाजूने मुलं खिळे उपटत आहेत आणि दुसऱ्या बाजूने मुलांचे शिक्षक ते ठोकून घेत आहेत, हे लिहिताना मला संताप येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पत्रकावर मुलांचे चेहरे आहेत. पासपोर्ट आकाराचे, रांगेने मांडलेले. प्रत्येकाच्या खाली पूर्ण नाव, शाळेचं नाव, टक्के. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचे चेहरे. त्यांतली एक मुलगी आमच्या मागच्याच इमारतीत राहते. शेजारच्या चौकात पाऊस पडून गेल्यावर मी तिचा चेहरा चिखलात पाहिला. त्यावरून गाडीचं चाक गेलं होतं. मी तो कागद उचलला, पुसला, घरी आणला. मग दुसरा उचलला. तिसरा उचलताना लक्षात आलं की मी हे किती ठिकाणी करणार. त्या मुलीने वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला, तो काय यासाठी? तिच्या आईने हे पाहिलं तर तिला काय वाटेल, हे तुमच्या मनात आलं नाही, कारण तुमच्यासाठी त्या रांगेतला प्रत्येक चेहरा म्हणजे पुढच्या बॅचच्या दहा ॲडमिशन आहेत.

तिची परवानगी घेतली होती का? कशी घेतली होती? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आहेत. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना ती लागू आहेत, म्हणजे तुम्हाला आहेतच. त्यांत म्हटलं आहे की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकालानंतर घेतलेली हवी. ॲडमिशनच्या फॉर्मवर फीच्या अटींखाली बारीक अक्षरात घेतलेली सही चालत नाही. शिवाय त्या विद्यार्थ्याने तुमच्याकडे नेमका कोणता कोर्स केला, किती काळाचा, आणि फी भरून की फुकट, हेही फोटोसोबत छापावं लागतं. तुमच्या पत्रकावर यातलं काहीही नाही. त्या रांगेतला एक मुलगा तुमच्याकडे फक्त सराव परीक्षांना बसला होता, वर्षभर तो त्याच्या शाळेतल्या बाईंकडेच शिकला, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या बाईंचं पत्रक नाही. म्हणून तो मुलगा तुमचा झाला.

खाली आणखी एक ओळ आहे, 'आठवीपासून फाउंडेशन, यशाची शंभर टक्के हमी'. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांत सांगितलं आहे की कोचिंग सेंटरनी सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि गुणांची, क्रमांकाची हमी देऊ नये. आठवीतलं मूल तेरा-चौदा वर्षांचं असतं. ही ओळ ज्या दारात जाऊन पडते, त्या दारामागे एखादी आई असते. ती आधीच घाबरलेली असते, सगळ्यांची मुलं जातात, आपलंच मागे राहील, म्हणून. एकाच आठवड्यात तिला हा कागद पेपरात दिसतो, दारात दिसतो, गाडीवर दिसतो, झाडावर दिसतो. प्रत्येक वेळी ती भीती थोडी वाढते. इतक्या ठिकाणी का लावायचं, याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या आईला माहिती हवी असते. तिच्या दारात तुम्ही धास्ती टाकून जाता.

या कागदाचं पुढे काय होतं, तेही तुमच्यापर्यंत पोचत नसेल. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या महिला आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून काम करते आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर आहे. सुक्या कचऱ्यातला कागद विकून येणारे पैसे त्यांच्या मिळकतीचा भाग असतात. कोरडा, स्वच्छ कागद त्यांना हवाच असतो. पण चिखलात बरबटलेला, चाकाखाली गेलेला, गोंद लागलेला कागद रद्दीवाला घेत नाही. तो वेचायचे कष्ट पडतात आणि हाती काही लागत नाही. तुमच्या बॅचची सुरुवात आणि पहिला पाऊस दरवर्षी बरोबरच येतात, त्यामुळे तुमचा कागद हमखास ओला होतो.

आणि जो वेचला जात नाही, तो पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुण्यात कुणी विसरलेलं नाही. तो पूर पत्रकांमुळे आला असं मी म्हणणार नाही, त्याची कारणं फार मोठी होती. पण पाण्याची वाट अडली की काय होतं, ते या शहराने त्या रात्री पाहिलं आहे. त्यानंतरही गटाराच्या जाळीतून गठ्ठा आत सोडला जातो आणि त्यावर एका शिक्षकाचं नाव असतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी रस्त्यावर आणि गटारात कचरा टाकायला मनाई केली. तुमच्या क्लासमध्ये पर्यावरणशास्त्राच्या गुणांची तयारी करून घेता ना? त्या पुस्तकात हे आहे.

तुम्ही म्हणाल, घेणाऱ्याने घ्यावं, न घेणाऱ्याने टाकून द्यावं, त्यात काय एवढं. इथेच आपलं जमत नाही. नको म्हणण्याचं काम तुम्ही माझ्यावर टाकता, तेही कागद दारात आल्यावर. नको असलेल्या जाहिरातीच्या फोनसाठी आपल्या देशात २००७ पासून नोंदणीची सोय आहे; माझ्या फोनवर कुणी यावं हे मी ठरवू शकते, असं सरकारने मान्य केलं. अ‍ॅमस्टरडॅम शहराने तर २०१८ पासून उलटाच नियम केला. ज्याच्या पत्रपेटीवर 'हो, मला जाहिरात हवी' असं स्टिकर असेल, त्याच्याच पेटीत बिननावाची पत्रकं टाकायची. स्टिकर नाही म्हणजे नको. छपाईवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२१ साली नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. आमच्या गेटवर 'जाहिरात पत्रके टाकू नयेत' अशी मराठीत आणि हिंदीत पाटी आहे. तुमच्या माणसाने तुमचं पत्रक त्या पाटीवरच चिकटवलं. पाटी वाचली नाही असं म्हणावं तर चिकटवताना कागद अगदी सरळ रेषेत लावला आहे.

निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांबद्दल आपण वाटेल ते बोलतो. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावा लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे त्या कागदाला जबाबदार माणूस कोण, ते कळतं. तुमच्या पत्रकावर फक्त ॲडमिशनचा मोबाईल नंबर आहे. मी त्यावर फोन केला. पलीकडच्या मुलीने माझ्या मुलाची इयत्ता विचारली. मी कागद उचलून न्या म्हटलं, तर तिने परत इयत्ता विचारली.

रीत काय असावी, ते तुम्हाला सांगायला लागू नये, पण सांगते. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा. हो म्हटलं तर नोटीस बोर्डावर एक कागद लावा, त्यावर तारीख घाला आणि ॲडमिशन संपल्या की काढून न्या. घरोघर द्यायचंच असेल तर तळमजल्यावर लेटरबॉक्स आहेत, एका बॉक्सात एक. पाटी असेल तिथून मागे फिरा. वाटणाऱ्या मुलांना गठ्ठ्यावर पैसे देऊ नका, दिवसाचे द्या, आणि उरलेले कागद परत आणायला सांगा. परत आणले म्हणून कापू नका. त्यांना पाण्याची बाटली आणि टोपी द्या. अंगावर तुमच्या क्लासचं ओळखपत्र द्या, म्हणजे वॉचमन त्यांच्याशी माणसासारखं बोलेल. मुलांचे फोटो नकोत. फारच अभिमान असेल तर त्या मुलांना घरी जाऊन पेढे द्या. सार्वजनिक भिंती, थांबे, खांब आणि झाडं यांच्याबद्दल विचारायचा प्रश्नच येत नाही. तिथे काहीही लावायचं नाही.

आता माझं मागणं. मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत आमच्या भागात दोन जाणती माणसं पाठवा. बरोबर पकड, पाण्याची बादली आणि खरवडायला लाकडी पट्टी द्या. लोखंडी नको, बसथांब्याचा रंग निघेल. कडुलिंबाची पाटी काढताना खिळे सालीसकट ओढू नका, सावकाश फिरवून काढा. काय करायचं माहीत नसेल तर मी उभी राहीन. डीपीला मात्र हात लावू देऊ नका. त्यासाठी महावितरणच्या माणसालाच बोलवा आणि त्याला सांगा की हे आमच्यामुळे झालं. चौकातल्या चेंबरचं झाकण उघडून तुमचा गठ्ठा काढून घ्या. काढलेला सगळा कागद तुमच्याच ऑफिसात न्या. आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आणि त्या मुलीच्या घरी स्वतः जा. तिची आणि तिच्या आईवडिलांची लेखी संमती नसेल तर उरलेली पत्रकं कापून टाका, पुन्हा छापू नका.

पंधरा जूनपर्यंत हे झालं नाही, तर आमची कार्यकारिणी फोटो, जागा आणि तारखा यांसह महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि पोलीस चौकीत लेखी तक्रार देणार आहे, आणि मुलांच्या फोटोंबाबत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही. फोटो काढून झाले आहेत.

तुम्हाला काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून गेटवर वॉचमनकडे द्या. तो वहीत नोंद करेल आणि ती माझ्यापर्यंत येईल.

कळावे,
सोसायटीच्या कार्यकारिणीतली एक सभासद